चुलीजवळची मोळी

१

जानराव सरतोडे मास्तर मंगळवारी सकाळी रिठदच्या शिवारात, स्वतःच्याच मळ्यातल्या झोपडीत मरून पडलेले सापडले. डोक्याला मागून कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बसला होता. घाव एकच, पण मारणाऱ्याने दुसऱ्याची गरज ठेवली नव्हती.

साल पंचाहत्तर, शिमगा आठ दिवसांवर. मी तेव्हा रिसोडच्या ठाण्यात फौजदार होतो, आणि माझंही आडनाव सरतोडे. म्हणजे मेलेला माणूस लांबचा का होईना, माझा भाऊबंद. गेली तीन वर्षं मास्तर सरतोडे कुळाचा इतिहास लिहीत होते. गावोगाव हिंडायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे, भाटांच्या वंशावळीच्या पोथ्या उतरवून घ्यायचे. आडनावाचा अर्थ काय, आपल्यात नाव काढणारे कोण झाले, सगळं त्या जाड वहीत. गुढीपाडव्याला पुस्तक निघणार होतं. मी वरवर हसायचो त्यांना. पण 'कुळातले पहिले फौजदार' म्हणून त्यात माझं नाव येणार होतं आणि ते मला मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

ती वही चुलीत राख होऊन पडली होती.

झोपडी लहानशी. एक बाज, कंदील, कोरडं पडलेलं चहाचं भांडं. चुलीसमोर पोत्याची घडी अंथरलेली, तिच्यावर कुणीतरी बसून गेल्याच्या खुणा. चुलीला लागून हाताच्या अंतरावर वाळल्या पळसाची मोळी, वरची दोन-चार लाकडं तेवढी काढलेली. दारापासून चुलीपर्यंत जमिनीवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा चुरा सांडलेला, बोंडांच्या नख्या आणि बारीक काड्या. कुऱ्हाड दाराबाहेर पडली होती. तिच्या दांड्यावर लोखंडाच्या तारेचा वेढा होता. ती राखणदार सोमलाची, हे गावातलं लहान पोरही सांगत होतं.

वाशीमहून आमचे साहेब आले, दहा मिनिटं थांबले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "कुऱ्हाड त्याची, राखण त्याची, अजून काय पाहिजे तुम्हाला? शुक्रवारी त्याला अकोल्याला कोर्टापुढे उभा करा."

"आणि वही का जाळली असेल, साहेब?"

"तांड्यावरचा माणूस आहे. थंडी वाजली असेल."

मार्चच्या उन्हात त्यांच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. मी काही बोललो नाही. नोकरीत न बोलण्याची सवय लागते, आणि तिचा मला आजही राग येतो.

प्रेत गावात न्यायला बैलगाडी आणली ती जगदेव सरतोडेनं. पन्नाशीचा, सरळ, कष्टाळू शेतकरी. मास्तरांचे पाय त्यानं स्वतः उचलले आणि हुंदके देत राहिला. मास्तरांची बायको रंगूबाई त्यालाच म्हणाली, "जगदेवा, आता तूच हाय रे बाबा आमाले." तो मान खाली घालून उभा राहिला.

२

सोमला कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून मिटला होता. साहेबांच्या शिपायांनी माझी वाट पाहिली नव्हती.

"मारलं का तू मास्तरांना?"

"मी कायले मारीन जी? माया पोराले त्यायनं फुकट शिकवलं. सोमवारी दुपारी लाकडं टाकली, कुऱ्हाड तिथंच इसरलो अन् तांड्यावर गेलो. बायको बाळंत होनार होती. पोरगी झाली संध्याकाळी."

"तांड्यावर कुणी पाहिलं तुला?"

"सारा तांडा सांगंल. पन तांड्याचं कोन ऐकते साहेब?"

ऐकणार कुणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शुक्रवारी तो अकोल्याला गेला की त्याचा फास जवळजवळ ठरलेलाच. पोरीचं तोंडही त्यानं नीट पाहिलं नव्हतं. धरायला शिपाई तांड्यावर गेले तेव्हा ती पुरती एका दिवसाचीही नव्हती असं त्याची बायको सांगत होती.

"मास्तर तुला झोपडीत बसायला पोतं घालायचे का?"

तो कसनुसा हसला. "मी उंबऱ्याच्या भायेर बसतो जी. चांगले होते मास्तर, पन पोतं कायले घालतील? पोतं पाव्हन्याले."

"आणि लाकडं? आदल्या दिवशीची उरली होती?"

"नाई. चुलीपाशी दुसरं काईच नव्हतं. म्हनून तर म्या पळसाची मोळी आनली. मास्तरनं माह्यासमोर दोन-तीन काढून चा केला, मलेबी देल्ला. पळस चांगला जळते जी, वाळला की."

"पऱ्हाट्या होत्या का झोपडीत?"

"पऱ्हाट्या? त्या तर पल्याड, उकंडरावच्या बांधावर. साठ पावलं असतील. कायले कोन आनते तितून?"

मी पुन्हा मळ्यात गेलो. उकंडराव सरतोडेच्या बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग होता आणि त्याची एक बाजू ओरबाडलेली होती. तिथून झोपडीपर्यंत नख्या सांडत आल्या होत्या. चुलीतली राख मी काडीनं उकरली. तळाशी पळसाचे कोळसे, वर पऱ्हाट्यांचा कोळसा, त्यावर वहीच्या पापुद्र्यांची राख.

जाड वही नुसती काडी लावून जळत नाही, कडा करपतात आणि विझते. तिला खाली जाळ लागतो. मारणाऱ्याला घाई असणार, प्रेत पायाशी पडलेलं. तरी हातापाशी वाळली लाकडं ठेवून तो उघड्या रानातून साठ पावलं गेला, काट्याकुट्याचा भारा कवटाळून परत आला. असा मूर्खपणा माणूस उगाच करत नाही.

का केला, ते मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही.

३

पुस्तकाची छपाई रिसोडला हीरालाल जैन यांच्या छापखान्यात चालली होती. सोमवारी दुपारी हीरालाल सायकलवरून मळ्यात गेले होते, म्हणून त्यांच्यावरही नजर ठेवणं भाग होतं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोटं शाईनं कायमची काळी.

"पहिले आठ पानं छपून तयार हैत, फौजदारसाहेब. बाकीची वही मास्तरजीकडंच होती. मी पानं दाखवाले गेल्तो. चार वाजता परत फिरलो तं उकंडराव येऊन राह्यले होते. लई तापलेले."

"आणि तुमचं मास्तरांशी काही वाजलं होतं?"

"वाजलं असतं तं मी जुळवलेले अक्षराचे खिळे मोडले असते साहब. त्यात काय मेहनत? मानसाचा जीव कायले घेऊ?" मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली पाहून चालणारा माणूस तो. पण मला त्याच्या स्वभावापेक्षा खिळ्यांचा मुद्दा पटला. ज्याला पुस्तक बुडवायचं आहे तो छापलेली आठ पानं कपाटात जपून ठेवत नाही.

मी ती पानं वाचायला घेतली. आधी माझं नाव शोधलं, हेही सांगून टाकतो. तिसऱ्या पानावर होतं.

पहिल्या पानावर आडनावाचे अर्थ. एक म्हणणं असं, की मूळपुरुषाचं शिर लढाईत तुटलं आणि तो धडानिशी लढत राहिला. दुसरं म्हणणं, हे लोक नदीकाठचं सराचं गवत तोडून छपरं शाकारायचे. गावोगावच्या सरतोड्यांना पहिला अर्थ हवा होता. मास्तरांनी दुसऱ्याखाली रेघ ओढून लिहिलं होतं, 'हाच खरा वाटतो.' त्यांचा स्वभाव त्या एका रेघेत आला होता.

मग नाव काढणारे लोक. एक पहिलवान, एक कीर्तनकार, एकाहत्तरच्या लढाईत पाय गमावलेला हवालदार, मी. आणि शेवटी, 'उकंडरावांचे आजोबा, नामचीन दरोडेखोर, यांचाही उल्लेख केला पाहिजे.'

आठव्या पानावर देवकांची माहिती होती. 'सरतोड्यांत दोन देवकं. रिठद, केनवडकडचे मोराचे. धनजकडचे पळसाचे. देवक वेगळं असेल तर एका आडनावातही सोयरीक होते. देवक एक असेल तर मुलगा-मुलगी बहीण-भाऊ ठरतात. पळसवाले पळस तोडत नाहीत, चुलीत घालत नाहीत, त्याच्या पानावर जेवत नाहीत.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. चुलीजवळची मोळी डोळ्यांपुढे आली.

"हीरालालजी, मास्तर शेवटी भेटले तेव्हा काही बोलले?"

हीरालालनी चष्मा खाली घेतला. "बोलले ना. मले म्हने, धनजच्या भाटाच्या पोथीत एक गोष्ट सापडली. छापली तं रिठदमधलं एक घर उठते अन् न छापली तं मी खोटा ठरतो. मी म्हटलं, मास्तरजी, गाळून टाका एक ओळ. ते म्हने, मी चाळीस वर्सं पोराइले खरं बोला म्हनून मारलं, आता कसा गाळू?"

"कुणाचं घर?"

"ते नाई सांगतलं."

४

बुधवारी मी उकंडरावकडे गेलो. ग्रामपंचायतीत मिरवणारा, अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा.

"हो, भांडलो मी! आज्याले दरोडेखोर छापते म्हनजे काय? मतं कोन देईन मले?" अंगणातल्या चुलीवर त्याची सून चहा ठेवत होती. बोलता बोलता त्यानं वाकून दोन लाकडं जाळात सारली. सालीवरून मी ओळखलं, पळसाची.

"वही जाळली का तुम्ही?"

"आठ पानं तं छपूनच गेली ना! आज्याचं नाव त्यातच हाय. मंग वही जाळून काय उपेग?"

माणूस तोंडाळ होता, पण बरोबर बोलत होता. शिवाय त्याला पळस जाळायला काही वाटत नव्हतं. मी चहा पिऊन उठलो.

गुरुवारी मास्तरांची राख सावडली आणि भाऊबंदांचं जेवण झालं. मीही पंगतीत बसलो. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, पिठलं-भाकरी वाढली. सगळे खाली मान घालून जेवत होते. माझ्या समोरच्या ओळीत जगदेव बसला होता. त्याच्यापुढे पत्रावळ नव्हती. घरून आणलेली पितळी होती.

शेजारचा म्हातारा माझी नजर पाहून हसला. "त्यायचं तसंच हाय. त्याचा बापबी पितळीच आने. गुरूचं काई बंधन हाय म्हनते."

जगदेव. प्रेताचे पाय उचलणारा जगदेव. मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला उकंडराव असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

जेवणानंतर मी रंगूबाईंजवळ बसलो. "काकू, जगदेवची पोरगी कुठं दिली?"

"सुंदर? धनजले. सरतोड्याइतच. पोरीच्या मानेवर कोड हाय ना, सात ठिकानी नाई म्हटलं. हे धनजचं पोरगं भलं निंघालं. दोन वर्सं झाली, लेकरूबी हाय."

"देवक पाहिलं असेलच."

"पायलं ना. ते पळसाचे, आमी सारे मोराचे. मांडवात मोरपीसच बसवलं जगदेवनं." ती थांबली. "एक गोष्ट मातर तवा मले कशीतरी लागली. त्याची माय, गोजराबाई, मांडवात आलीच नाई. बलवाले गेली तं मागच्या खोलीत एकटी बसली होती. पुढ्यात पळसाची डहाळी, तिले हयद-कुकू वायलेलं. मी म्हटलं, म्हातारी मानूस, भरमली असंल."

म्हातारी भ्रमली नव्हती. मी उठलो तेव्हा उन्हं पश्चिमेकडे उतरली होती. सोमलाला अकोल्याला नेणारी गाडी सकाळी आठला सुटणार होती.

५

जगदेवच्या अंगणात मी एकटाच गेलो. वाटेत बांधावरून पळसाचं एक वाळलं लाकूड उचललं. तो चुलीपुढे बसून बैलांसाठी आंबोण शिजवत होता. गोजराबाई ओट्यावर होती, डोळ्यांनी अधू.

"बसा भाऊ," तो म्हणाला.

"जाळ विझत आलाय, जगदेवभाऊ. हे सारा आत." मी लाकूड त्याच्या हातात दिलं.

त्यानं सवयीनं ते घेतलं, मग पाहिलं. हात चुलीपर्यंत गेला आणि थांबला. मी वाट पाहिली.

"एवढंच तर काम आहे. तुम्ही मोरवाले. पळसाचं काय एवढं?"

लाकूड आत जाईना, खालीही पडेना. तेवढ्यात गोजराबाई चाचपडत उठली, त्याच्या हातातून तिनं ते काढून घेतलं, कपाळाला लावलं आणि पदराखाली धरलं.

"त्याले नको लावू सारायले," ती मला म्हणाली. "त्याच्यानं नाई व्हनार."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पाहुणा ओळखीचा होता, कारण पोतं अंथरलं होतं. सोमला असता तर त्यानं आपणच आणलेली लाकडं जाळली असती. उकंडराव असता तर त्यानंही जाळली असती, आणि हीरालालला वही जाळण्याचं कारण नव्हतं. छापून न झालेल्या पानांची भीती ज्याला होती आणि जीव घेतल्यावरही पळसाला हात लावणं ज्याला जमलं नाही, असा रिठदमध्ये एकच माणूस. मास्तरांना भाटाच्या पोथीत तुमचे आजोबा सापडले, धनजहून आलेले. म्हणजे तुम्ही पळसाचे. म्हणजे सुंदर आणि तिचा नवरा एका देवकाचे.

जगदेव जमिनीकडे पाहत होता.

"आज्या आला तवापासून आमी कोनाले सांगतलं नाई, कोनं इचारलंबी नाई. धनजवाल्यायनं इचारलं तवा मी मोर म्हटलं. एकच शबद, भाऊ. पोरगी उजवत नव्हती. सात जागी तिले उभी केली, मान उघडी करून दाखवली." त्यानं आंबोण एकदा ढवळलं. "सोमवारी सांजेले मास्तरनं बलवून पोथीतलं सांगतलं, मी पाया पडलो. एक ओळ नका लिहू म्हटलं. ते म्हने, जगदेवा, हे माह्या हातात नाई, हे खरं हाय. अन् चुलीवर आधन ठेवाले वळले. कुऱ्हाड दारात होती."

"मग वही जाळलीत."

"मोळी दिसली. पन नाई हात गेला. माह्या मनातबी नाई आलं का कोन पाहीन. म्हातारीनं लहानपनी शिकवलं, पळस आपला देव. मानूस मारला भाऊ मी, पन..."

आणि मला त्याची कीव आली. फौजदाराला येऊ नये, पण आली. मास्तरांचीही आली. आणि दोघांच्या मध्ये सोमला, कोठडीत.

६

"मी कबूल करतो," जगदेव म्हणाला, "साऱ्याइसमोर करतो. सोमलाले सोडा. पन कारन नका लिहू. बांधाचं भांडन लिहा, काईबी लिहा. माया पोरीचा संसार राहू द्या."

मी लिहिलं. 'शेताच्या बांधावरून वाद.' कुळातल्या पहिल्या फौजदारानं सरकारी कागदावर लिहिलेलं पहिलं खोटं. मास्तरांना आवडलं नसतं. साहेबांना आवडलं, कारण कबुली होती आणि काम संपलं होतं.

सोमला शुक्रवारी सकाळी आठला अकोल्याच्या गाडीत बसण्याऐवजी तांड्याकडे चालत गेला. एक डोळा बंदच होता. तो बंदच राहिला.

चार दिवसांनी सुंदर ठाण्यात आली. कडेवर वर्षाचं पोर, मानेवरचं कोड पदराखाली. नवरा बाहेर लिंबाखाली उभा होता.

"काका, बाबानं मास्तरले कायले मारलं?"

"बांधावरून, पोरी."

"आमचा अन् त्यायचा बांध कुठं लागते?"

लागत नव्हता. मी कागद चाळत राहिलो.

ती खुर्चीवर बसली नाही. "देवकाचं होतं ना? मास्तर धनजच्या भाटाकडं येऊन गेले, तवाच मले धाकधूक लागली होती."

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. हयद लागायच्या दिवशीच. म्या यायले, माह्या मालकाले, पयल्याच राती सांगून टाकलं, खोट्यावर संसार नोको म्हनून. हे उठून अंगनात जाऊन आले. मंग म्हने, तुले आता माघारी धाडून मी काय करू? राहू दे. सासूलेबी ठाव हाय. तिनं तं बारशाले मलेच पळसापुढं दिवा लावाले लावला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "बाबाले कसं सांगू? त्यायले वाटे मले ठाव नाई. त्यायले तेवढंच सुख होतं, म्हनून नाई बोलली. बोलली असती तं..."

पोरानं टेबलावरचा माझा शिक्का उचलला होता, तो तिनं त्याच्या हातातून सोडवून जागेवर ठेवला.

"त्यायले भेटू देता का?" तिनं विचारलं. "सांगू का नोको, ते तुमी सांगा."

कोठडीची किल्ली माझ्या खिशात होती. मी किल्ली काढली, दारापर्यंत गेलो. आत जगदेव भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि आपण पोरीला वाचवलं एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं.

"नको सांगू," मी म्हणालो, आणि कुलूप उघडलं.